घरची बंदूक म्हणजे नेमकी कुणाची? लायसन्स, धंद्याची जबाबदारी आणि हत्यार घरात ठेवायची पद्धत

आजोबा गेल्यावर त्यांची बाराबोअर दुनाळी, म्हणजे दोन नळ्यांची बंदूक, आठ महिने आमच्या निफाडकडच्या घरात माळ्यावर पडून होती, जुन्या धोतरात गुंडाळलेली. विसरलो होतो असं नाही, पण आधी दिवसकार्य, मग ऑक्टोबरची छाटणी, मग आजीचं दुखणं, आणि प्रत्येकाला वाटत होतं की दुसरं कुणीतरी बघतंय. शेवटी मी पोलीस ठाण्यात गेलो, आणि नशीब एवढंच की बंदूक घरी ठेवून नुसते कागद घेऊन गेलो.

"बंदूक कुणाची?" हवालदारांनी विचारलं.

"घरचीच आहे साहेब."

"घरची म्हणजे? लायसन्सवर नाव कुणाचं?"

"आजोबांचं."

"मग त्यांना घेऊन या."

"ते गेले."

"कधी?"

"आठ महिने झाले."

त्यांनी पेनला टोपण लावलं, खिशात अडकवलं आणि आतल्या केबिनकडे बघितलं. पुढचं दीड वर्ष जबाब, वारसांच्या नाहरकती आणि हेलपाट्यात गेलं. हत्यार शेवटी रीतसर वडिलांच्या नावावर झालं, पण तो "घरची म्हणजे?" हा प्रश्न डोक्यातून गेला नाही. ट्रॅक्टर घरचा असतो, विहीर घरची असते, बंदूक मात्र ज्याच्या नावावर लायसन्स आहे त्या एका माणसाची असते. बायकोची नाही, पोराची नाही, मॅनेजरची तर नाहीच नाही. या विषयातली निम्मी लफडी इथूनच सुरू होतात, म्हणून पुढचं सगळं हेच डोक्यात ठेवून वाचा.

मी वकील नाही आणि बंदुका विकतही नाही. घरात वडिलांच्या नावाची बाराबोअर, हायवेला आमचा छोटा पेट्रोल पंप आणि रोजची कॅश, त्यामुळे दोन्ही बाजूंनी हा कायदा अंगावर आला आणि शिकावा लागला. तुमची केस गुंतागुंतीची असेल तर वकिलाला विचारा, पण त्याच्याकडे जाताना कोरे जाऊ नका.

आधी कायदा, थोडक्यात

मूळ कायदा आर्म्स अ‍ॅक्ट १९५९, त्याखालचे चालू नियम आर्म्स रूल्स २०१६, आणि १४ डिसेंबर २०१९ पासून लागू झालेली दुरुस्ती. या दुरुस्तीने दोन गोष्टी सर्वसामान्य लायसन्सवाल्यासाठी बदलल्या. पूर्वी एका माणसाला तीन हत्यारं ठेवता यायची, आता दोनच. आणि लायसन्सची मुदत तीन वर्षांची होती ती पाच वर्षांची झाली. नेमबाजीच्या खेळाडूंचे नियम वेगळे आहेत, त्यात इथे शिरत नाही.

बोअर म्हणजे नळीच्या आतल्या भोकाचं माप. त्यावरून हत्यारांचे दोन मोठे गट, प्रतिबंधित बोअर आणि अप्रतिबंधित बोअर. तुम्हाआम्हाला मिळतं ते दुसऱ्या गटातलं, म्हणजे ३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल, बाराबोअरची बंदूक, ३१५ ची रायफल वगैरे. नाइन एमएम पिक्चरमध्ये दिसतं म्हणून मागायला जाऊ नका, ते प्रतिबंधितात येतं.

छऱ्याच्या एअरगनला लायसन्स लागत नाही असं सगळे छातीठोक सांगतात. ते अर्धंच खरं आहे. बोअर पॉइंट १७७ म्हणजे साडेचार मिलिमीटरपर्यंत आणि ताकद २० ज्यूलपर्यंत असेल तरच सूट आहे, त्याच्या वर गेली की ती कायद्याने हत्यारच. घेताना बिलावर दोन्ही आकडे लिहून घ्या.

आणि बिनलायसन्सचं हत्यार, मग तो गावठी कट्टा असो की मित्राने "दोन दिवस ठेव रे भो" म्हणून दिलेलं काहीही असो, त्याला २०१९ नंतर किमान २ वर्षं आणि जास्तीत जास्त ५ वर्षं कैद, वर दंड. विकणं किंवा बनवणं असेल तर ७ वर्षांपासून थेट जन्मठेपेपर्यंत. यात "माहीत नव्हतं" चालत नाही, फार तर वस्तू आपल्याजवळ आहे याची जाणीवच नव्हती एवढा मुद्दा कोर्टात मांडता येतो, आणि तो मांडायच्या आधी अटक, जामीन, पेपरात नाव हे सगळं होऊन गेलेलं असतं.

पहिलं काम: खरंच पाहिजे का ते ठरवा

आमच्याकडे निफाड, दिंडोरी, सिन्नर पट्ट्यात लायसन्स मागायचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे बिबट्या. उसात बिबट्या, मळ्यात बिबट्या, रात्रीची लाइट असली की पाणी भरायला जायची भीती. भीती खरी आहे, मी स्वतः बॅटरीच्या उजेडात ते दोन डोळे बघितलेत. पण बिबट्या वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्याला मारायची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी हुकमाशिवाय मिळत नाही. जीवावर बेतलं आणि स्वतःला वाचवताना मेला तर तो गुन्हा धरत नाहीत हे खरं, पण तसंच झालं होतं हे दाखवायला तुम्हालाच धावपळ करावी लागते. म्हणजे बिबट्यासाठी बंदूक घेणं म्हणजे एक भीती घालवून दुसरी घरात आणणं. पीक राखायचं लायसन्स असा वेगळा प्रकार आहे, तो रानडुकरांच्या त्रासासाठी लोक मागतात, पण तिथेही कोणता प्राणी, कोणत्या परवानगीने, हे वन खात्याला विचारल्याशिवाय ट्रिगरला हात लावायचा नाही.

दुसरं कारण चोरी-दरोडा. इथे भारतीय न्याय संहितेतला खासगी बचावाचा हक्क समजून घ्या. जबरी चोरी होत असेल किंवा सूर्यास्त ते सूर्योदयाच्या दरम्यान कुणी घर फोडत असेल तर मालमत्तेच्या बचावात टोकाला जायचा हक्क कायदा देतो. पण गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही आणि पोलिसांना बोलवायला वेळ होता तर तो हक्क राहत नाही. मोटर उचलून पळत सुटलेल्या चोराच्या पाठीत गोळी घातली तर तो बचाव नव्हे, खटला.

आणि तिसरं कारण, जे अर्जात कुणी लिहीत नाही, ते म्हणजे रुबाब. त्यावर मी काय बोलणार.

अर्ज कुठे आणि कसा

नाशिक शहराच्या पोलीस हद्दीत राहत असाल, म्हणजे पंचवटी, सिडको, सातपूर, नाशिकरोड वगैरे, तर लायसन्स देणारे पोलीस आयुक्त. ग्रामीण भागात राहत असाल तर कलेक्टर, जिल्हा दंडाधिकारी म्हणून. शेत निफाडला आणि राहणं गंगापूर रोडला असेल तर तुम्ही राहता कुठे त्यावर ठरतं, आणि कागदांवर एक पत्ता, आधारवर दुसरा अशी भानगड असेल तर ती आधी निस्तरा, कारण पोलीस पडताळणीला तुमच्या पत्त्यावरच येणार.

वय २१ पूर्ण पाहिजे. फॉर्म ए-१, तो ऑनलाइन पोर्टलवर भरायचा. सोबत ओळख, पत्ता, फोटो, शारीरिक आणि मानसिक तब्येतीचं डॉक्टरचं सर्टिफिकेट, हत्यार हाताळायच्या ट्रेनिंगचं सर्टिफिकेट आणि हत्यार घरी सुरक्षित ठेवीन असं हमीपत्र. या हमीपत्राकडे लोक झेरॉक्सच्या दुकानात सही ठोकून मोकळं व्हायचा कागद म्हणून बघतात. तसं करू नका. उद्या काही घडलं तर पहिल्यांदा तोच कागद काढला जातो, तेव्हा तिजोरी आधी, सही नंतर.

कारण लिहिताना गोलगोल लिहू नका. धमकी आली असेल तर तक्रारीची प्रत, रोजची कॅश असेल तर बँक स्टेटमेंट. "जीवितास धोका आहे" एवढ्या एका ओळीवरचे अर्ज पडूनच राहतात. नकार आला तर कारण लेखी मागा, अपील करता येतं.

लायसन्स मिळालं की त्यावर युआयएन, म्हणजे त्या लायसन्सचा खास ओळख नंबर असतो, तो नसेल तर ते लायसन्स चालत नाही. अजून दोन गोष्टी बघून घ्या ज्या कुणी बघत नाही: एरिया व्हॅलिडिटी, म्हणजे जिल्ह्यापुरतं आहे की राज्यापुरतं की भारतभर, आणि काडतुसांचा आकडा, एका वेळी किती आणि वर्षाला किती. ही दुसरी चूक मी स्वतः पाहिलीय, एकाने दिवाळीच्या आधी स्वस्त मिळतात म्हणून जास्तीची घेऊन ठेवली होती. जास्तीचं प्रत्येक काडतूस म्हणजे बिनलायसन्सचं काडतूस.

बरोबर घेऊन फिरायचे नियम

पिस्तूल पाऊचमध्ये, अंगाला लागून, पूर्ण झाकलेलं. लांब बंदूक कव्हरमध्ये. दाखवायची नाही, टेबलावर ठेवायची नाही, स्टेटसला फोटो टाकायचा नाही. आर्म्स रूल्समध्ये हे अगदी स्पष्ट लिहिलंय आणि मोडलं तर हत्यार जप्त, लायसन्स रद्द.

आता नाशिककरांनी खास लक्ष द्यायची अट. लायसन्सच्या अटींमध्ये असं असतं की खास परवानगी नसेल तर जत्रेत, धार्मिक मिरवणुकीत, सार्वजनिक जमावात किंवा शाळा-कॉलेजच्या आवारात हत्यार न्यायचं नाही. आणि आपलं गाव म्हणजे वर्षभर काही ना काही. रामनवमीनंतरची रथयात्रा, सप्तशृंगी गडाची यात्रा, त्र्यंबकला निवृत्तिनाथांची वारी, गणपती विसर्जन, आणि आता २०२७ चं सिंहस्थ तोंडावर आलंय. कमरेला पिस्तूल लावून पंचवटीत सहज दर्शनाला गेलात आणि तिथे मिरवणूक निघाली, तर अट मोडली. अट मोडण्याला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा २ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पण खरी शिक्षा म्हणजे लायसन्स जाणं.

लग्नात वरातीपुढे हवेत बार काढणं ही तर आपल्याकडे हौस समजली जायची. २०१९ पासून तो स्वतंत्र गुन्हा आहे, २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. कुणाला लागलं नाही तरी. वर गेलेला छरा किंवा गोळी खाली कुठेतरी येतेच ना. लॉनवाल्यांनो, मंगल कार्यालयवाल्यांनो, बुकिंगच्या करारात एक ओळ टाकून ठेवा की आवारात हत्यार आणायचं नाही, आणि गेटवर तशी पाटी लावा.

ओझरहून विमानाने जाणार असाल तर बॅगेचा प्रत्येक कप्पा उलटा करून झटका. शिकारी बॅग, जुनं जॅकेट, गाडीची डिकी, अशा ठिकाणी एखादं काडतूस राहिलेलं असतं आणि ते स्कॅनरला दिसतं. हत्यार न्यायचंच असेल तर एअरलाइनला आधी कळवून, रिकामं, चेक-इनच्या सामानात.

घरात ठेवायची पद्धत

इथे जरा सावकाश वाचा.

आमच्या घरात पूर्वी बंदूक भिंतीवरच्या खुंटीला आणि काडतुसं देवघराच्या खालच्या खणात असायची. लहानपणी मला दोन्ही जागा माहीत होत्या. आजोबांना वाटायचं पोरांना धाक आहे. पोरांना धाक नव्हता, उत्सुकता होती.

तर आधी रिकामी करणं. कुठलंही हत्यार हातात घेतलं की ते भरलेलंच आहे असं समजायचं, नळी कुणाकडेही वळवायची नाही, ट्रिगरच्या आत बोट घालायचं नाही. दुनाळी असेल तर मोडून दोन्ही नळ्यांत डोळ्याने बघा आणि अंधार असेल तर करंगळी घालून बघा. रिव्हॉल्व्हर असेल तर उघडून सहाही घरं मोजा. पिस्तुलाबद्दल एक गोष्ट कोरून ठेवा, आधी मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटी काढायची आणि मगच स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग मागे ओढायचा. उलटं केलंत, म्हणजे आधी स्लाइड ओढून गोळी बाहेर पाडली आणि मग मॅगझिन काढलं, तर स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधली दुसरी गोळी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या घरात जाऊन बसते आणि तुम्ही मात्र समजता रिकामं झालं. "साफ करताना गोळी सुटली" अशी बातमी वाचली की मला हाच क्रम आधी आठवतो. साफसफाईला बसताना काडतुसं त्या खोलीतच नकोत.

मग तिजोरी. लोखंडी कपाटातला लॉकर पुरतो असं बऱ्याच जणांना वाटतं. त्या लॉकरची किल्ली कुठे असते? कपाटात, साड्यांच्या खाली. आणि ते घरातल्या प्रत्येकाला माहीत असतं, कामवाल्या ताईंसकट. हत्यारासाठी स्वतंत्र तिजोरी घ्या, भिंतीत किंवा फरशीत आतून बोल्ट मारून बसवा, नुसती ठेवलेली तिजोरी चोर तशीच्या तशी उचलून नेतो. भाड्याचं घर असेल तर मालकाला विचारून भोकं पाडा. लांब बंदुकीला उभं कपाट लागतं, ते नसेल तर नळी आणि दस्ता वेगळे करून दोन ठिकाणी कुलपात ठेवता येतात, दुनाळीचं हे बरं असतं.

काडतुसं वेगळ्या डब्यात, वेगळ्या कुलपात, शक्यतो वेगळ्या खोलीत. दोन्ही किल्ल्या एका जुडग्यात नकोत. वर ट्रिगर लॉक किंवा केबल लॉक लावा, फार महाग नसतं.

आणि किल्ली लायसन्सवाल्याकडेच. इथे परत तोच प्रश्न, घरची म्हणजे कुणाची. आमच्याकडे वडिलांच्या बंदुकीच्या तिजोरीचा कोड मला माहीत नाही, आईला नाही, भावाला नाही. पाहुण्यांना विचित्र वाटतं. पण सुप्रीम कोर्टाने १९७२ मध्ये गुणवंतलाल विरुद्ध मध्य प्रदेश या खटल्यात सांगितलंय की ताबा म्हणजे वस्तू हातात धरलेली असणंच नाही, ती तुमच्या कंट्रोलमध्ये असणं हाही ताबाच. म्हणजे वडील महिनाभर बहिणीकडे पुण्याला गेले आणि तिजोरीची किल्ली माझ्या खिशात, तर ताबा कुणाचा, सांगा बघू. लायसन्सवाल्याच्या समोर किंवा त्याच्या लेखी अधिकाराने दुरुस्तीला, रिन्यूअलला किंवा त्याच्या स्वतःच्या वापरासाठी हत्यार नेऊन देता येतं, एवढीच सूट कायद्यात आहे, तेवढीच वापरा. लांब बाहेरगावी जायचं असेल तर हत्यारांच्या अधिकृत डीलरकडे ठेवून पावती घ्यायची.

पावसाळा. नाशिकला बरा, पण इगतपुरी-त्र्यंबककडे फार्महाउस असेल तर जूनपासून भिंती घाम गाळतात. तिजोरीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि महिन्याने बदला. तेल हलक्या हाताने, चोपडून नाही. चामड्याच्या पाऊचमध्ये हत्यार ठेवून तिजोरी बंद करू नका, चामडं ओल धरतं आणि नळीवर पाऊचच्या आकाराचा गंज उमटतो. काडतुसं ओली झाली, हिरवट डाग पडले, तर उन्हात वाळवून वापरायचा शहाणपणा नको, डीलरला दाखवून जमा करा.

शेवटचा मुद्दा, जो कुणी बोलत नाही. घरात कुणी दारूच्या आहारी गेलंय, कर्जाने खचलंय, नैराश्यात आहे, किंवा नवरा-बायकोत टोकाची भांडणं चाललीत, तर हत्यार त्या घरात ठेवू नका. तिजोरी कितीही चांगली असो. डीलरकडे किंवा पोलीस ठाण्यात जमा करा, पावती घ्या, परिस्थिती निवळली की परत आणा. द्राक्षाचं वर्ष वाईट गेलं की आमच्या पट्ट्यात काय होतं ते मला सांगायला नको. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे आणि मराठीत बोलतात.

धंद्यात हत्यार आलं की

दुकानदार दोन चुका करतात. पहिली, स्वतःच्या लायसन्सचं पिस्तूल गल्ल्याच्या ड्रॉवरमध्ये ठेवतात. जेवायला उठलात की ते पिस्तूल गल्ल्यावर बसलेल्या पोराच्या ताब्यात. आर्म्स अ‍ॅक्टचं कलम २९ सांगतं की समोरचा माणूस हकदार आहे का याची खात्री न करता हत्यार त्याच्या ताब्यात देणं हाच गुन्हा. म्हणजे अंगावर, नाहीतर कुलपात, तिसरी जागा नाही. मॅनेजर बँकेत कॅश भरायला जाताना "घेऊन जा माझं" तर अजिबात नाही.

दुसरी चूक गार्डची. पंपावर आम्ही बंदूकधारी गार्ड घ्यायचं ठरवलं तेव्हा एका एजन्सीने दुसऱ्या दिवशी माणूस पाठवला, मोठ्या मिश्या, खांद्याला बाराबोअर. मी लायसन्स मागितलं तर झेरॉक्स, लॅमिनेट केलेली. मूळ प्रत "गावाला आहे". युआयएन पुसट. व्हॅलिडिटी दुसऱ्या राज्यातल्या एका जिल्ह्यापुरती. मी हात जोडले. तो माणूस वाईट नसेलही, पण त्या बंदुकीने माझ्या पंपावर काही झालं असतं तर पहिला माणूस मी आत गेलो असतो.

तेव्हा क्रम असा ठेवा. एजन्सीचं पसारा लायसन्स बघा, म्हणजे २००५ च्या खासगी सुरक्षा एजन्सी कायद्याखालचं. त्या कायद्यातल्या मॉडेल नियमांनुसार गार्डला १०० तास वर्गातलं आणि ६० तास फील्डचं ट्रेनिंग हवं, माजी सैनिक आणि माजी पोलिसांना कमी तास चालतात. देवळाली, नाशिकरोडला तोफखान्यातून रिटायर झालेली बरीच मंडळी राहतात, त्यामुळे आपल्याकडे शिस्तीचा माणूस मिळणं तसं अवघड नाही, फक्त स्वस्तातला शोधू नका. मग गार्डचं मूळ लायसन्स हातात घ्या, नाव, फोटो, युआयएन, मुदत, एरिया, हत्यारावर कोरलेला नंबर आणि लायसन्सवरचा नंबर जुळवा, आणि सगळ्याची प्रत घेऊन जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी पडताळणीला द्या, पोच शिक्क्यासह. ती पोच जपून ठेवा.

का जपायची, ते आर्म्स अ‍ॅक्टच्या कलम ३३ मध्ये आहे. कंपनीकडून गुन्हा घडला तर कंपनीसोबत धंद्याचा कारभार बघणारा माणूसही दोषी धरतात, मात्र आपल्याला माहीत नव्हतं आणि आपण सगळी काळजी घेतली होती हे त्याने सिद्ध केलं तर सुटतो. सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर. तेव्हा "विश्वास होता" म्हणून भागत नाही, पोच, रजिस्टर, करार लागतो.

फौजदारी बाजूला, दिवाणी आहेच. नोकर कामावर असताना चुकला तर नुकसानभरपाई मालकाकडून मागता येते. गार्ड एजन्सीचा असेल तर एजन्सी म्हणेल हुकूम पंपमालकाचा, पंपमालक म्हणेल माणूस एजन्सीचा, आणि जखमी गिऱ्हाइकाचा वकील दोघांना पार्टी करेल. म्हणून करारात स्पष्ट लिहा की हत्यार, लायसन्स, ट्रेनिंग याची जबाबदारी एजन्सीची आणि भरपाई द्यावी लागली तर ती एजन्सी भरून देईल. हे तुमच्या दोघांतलं, बाहेरच्याला ते बांधील नाही, पण नंतर वसुलीला कामाला येतं. निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर न्याय संहितेच्या कलम १०६ खाली ५ वर्षांपर्यंत कैद आहे, ती कुठल्याच करारात दुसऱ्यावर ढकलता येत नाही.

विमा एजंटला थेट प्रश्न विचारा: पब्लिक लायबिलिटी पॉलिसीत हत्याराने झालेली इजा धरलीय की वगळलीय? उत्तर ईमेलवर घ्या. आणि कॅशच्या पॉलिसीत "सशस्त्र गार्ड आहे" असं लिहून प्रीमियम कमी केला असेल तर तो गार्ड रोज खरंच असला पाहिजे, नाहीतर क्लेमच्या वेळी तेच वाक्य तुमच्या गळ्यात येईल.

गार्डची ड्यूटी संपली की बंदूक कुठे? पंपावरच्या खोलीत ठेवून जाऊ द्यायचं नाही. त्याची आहे, त्याच्यासोबत जाईल. आत-बाहेर वेळेचं रजिस्टर आणि काडतुसांची मोजणी, दोन्ही सह्या. आमच्याकडे सुरुवातीला पोरं हसायची, आता गार्डच स्वतः रजिस्टर पुढे करतो.

मुदत, निवडणूक, हरवणं, वारस

रिन्यूअलचा अर्ज मुदत संपायच्या निदान दोन महिने आधी टाका. मोबाइलमध्ये चार महिने आधीचा अलार्म लावा, कारण मेडिकल आणि बाकीचे कागद जमवण्यात वेळ जातो. पत्ता बदलला की लगेच कळवा.

आचारसंहिता लागली की हत्यार जमा करायची नोटीस येऊ शकते, कोणी जमा करायचं ते प्रशासनाची छाननी कमिटी बघते. नोटीस आली तर वाद घालत बसू नका, जमा करा, पावतीवर हत्याराचा नंबर, काडतुसांची संख्या आणि हत्यार कोणत्या स्थितीत दिलं ते लिहून घ्या, फोटो काढा. पोलिसांच्या मालखान्यातून परत आलेल्या बंदुकीवर गंज असला तर भांडायला काहीतरी हातात पाहिजे.

हरवलं किंवा चोरीला गेलं तर त्याच दिवशी, त्याच तासाला पोलीस ठाणं. "आधी घरात शोधू" करत दोन दिवस घालवले तर त्या दोन दिवसांत त्या हत्याराने जे होईल त्याचं उत्तर तुम्हाला द्यावं लागेल.

आणि वारस, ज्यावरून ही सगळी कथा सुरू झाली. लायसन्सवाला गेला की त्याचं लायसन्स कुणाच्या कामाचं राहत नाही, आर्म्स अ‍ॅक्टचं कलम २१ म्हणतं विनाकारण उशीर न करता हत्यार पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत डीलरकडे जमा करा. दहाव्या-तेराव्याच्या गडबडीतही घरातल्या एकाने हे काम अंगावर घ्या, आधी ठाण्यात फोन करून कसं आणायचं ते विचारा. जमा झालं की मग निवांत ठरवा, कुणाच्या नावावर करायचं की विकायचं. बाकीच्या वारसांची नाहरकत लागते, आणि भाऊबंदकी असेल तर तीच गाडी अडवते.

एक सोय बऱ्याच जणांना माहीत नसते. लायसन्सवाल्याला ७० वर्षं पूर्ण झाली किंवा त्याने हत्यार २५ वर्षं बाळगलं, यातलं जे आधी होईल तेव्हा, तो जिवंतपणीच आपल्या पसंतीच्या वारसासाठी प्रक्रिया सुरू करू शकतो. वारसालाही पडताळणी, मेडिकल, ट्रेनिंग सगळं आहेच, पण निदान माळ्यावरच्या धोतराची वेळ येत नाही.

वडील या मार्चमध्ये सत्तरीचे झाले. रविवारी जेवताना विषय काढला, भाऊ म्हणाला ठेवू या, आजोबांची आहे, घरची आहे. मी विचारलं, बरं, फॉर्मवर नाव कुणाचं घालू? तो मुंबईला राहतो, वन बीएचके, दोन लहान पोरं, त्याने भाजी वाढून घेतली. माझ्या घरात पंपाच्या हिशोबाचीच डोकेदुखी पुरे आहे. वडील हसले, आणि हात धुऊन सावकाश उठून तिजोरी उघडायला गेले, आम्हाला दोघांना पाठ करून, कोड दिसू नये म्हणून. दोन दिवसांनी ती डीलरकडे जमा झाली, विक्रीच्या परवानगीचा अर्ज टाकलाय, आणि जमा पावती माझ्याकडे नाही, त्यांच्याच पाकिटात आहे.